पहिल्या पाठाची मागची बाजू

देवास, ९ जानेवारी २०००

उर्वशी यांस,

मी धीरज पाटणकर, नवरदेव शंतनूचा चुलतभाऊ. आठवत नसेल तर खूण सांगतो. गेल्या महिन्यात धारला, तुमच्या मावसबहिणीच्या म्हणजे अक्षदाच्या लग्नात, ज्यानं भर पंगतीत "दहा वर्षांत देशातली सगळी कॉलेजं बंद पडतील आणि त्या इमारतींत लग्नाचे हॉल निघतील" असं भाषण ठोकलं आणि हातवारे करताना तुमच्या साडीवर मठ्ठा सांडला, तो मी. भाषण मागे घेत नाही. मठ्ठ्याबद्दल माफी.

कॉलेज का सोडलं हे तुम्ही तेव्हा विचारलंत, पण तेवढ्यात जिलबी आली. तर ऐका. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, इंदूर, नोव्हेंबर. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबांनी माझी जर्नल उघडली आणि म्हणाले, "समास लाल पेन्सिलीनं का आखला?" मी म्हटलं, "सर, समासाच्या आत काय लिहिलंय तेही बघा." ते म्हणाले, "बाहेर हो." त्यांना प्रयोगशाळेच्या बाहेर म्हणायचं होतं, मी कॉलेजच्याच बाहेर झालो. देवास येईपर्यंत गुस्सा उतरला होता, पण तोवर गादी-ट्रंक बसच्या टपावर होती. सामान घेऊन निघालेला माणूस परत कसा जाणार?

तात्या, म्हणजे माझे वडील, इथल्या कारखान्यात फोरमन आहेत. ते आता माझ्याशी थेट बोलत नाहीत. "त्या विद्वानाला सांग, नळ चालू राहिलाय," असं ते ताईला, माझ्या मोठ्या बहिणीला, सांगतात. मी समोरच उभा असतो.

आता कामाचं. तुम्ही म्हणालात की बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात, अर्थशास्त्र घेऊन, कॉलेजात न जाता, आणि एप्रिलमधल्या सांख्यिकीच्या पेपरानं तुमची झोप उडवली आहे. घरी बसून परीक्षा देणाऱ्याला आपल्या मध्य प्रदेशच्या फॉर्मवर 'स्वाध्यायी' म्हणतात. काय शब्द आहे! कुणाचा लाल-निळा समास नाही, हजेरी नाही. भविष्यातले सगळे विद्यार्थी तुमच्यासारखेच असतील. तेव्हा भविष्यातलं विद्यापीठ म्हणून मी तुम्हाला पोस्टानं सांख्यिकी शिकवणार आहे. एकूण वीस पाठ. माझा शब्द आहे.

पहिला पाठ सोबत जोडला आहे. तो ज्या कागदाच्या पाठीवर लिहिलाय ती कॉलेजची नोटीस आहे. सतरा जुलैपर्यंत हजर झालो नाही तर नाव कायमचं कमी करणार म्हणे. करोत. कागद जाड आहे, शाई फुटत नाही.

आणि हो, मराठीत लिहितोय ते मुद्दाम. आमची गल्ली काय, तुमचा बाजार काय, सगळा हिंदीचा कारभार. पत्र कुणाच्या हाती पडलंच, तरी आपल्या दोघांशिवाय कुणाला धड कळणार नाही.

धीरज

&nbsp;

खडके बाइंडिंग वर्क्स, धार
१७ जानेवारी २०००

श्री. धीरजराव पाटणकर यांसी,

सा. न. वि. वि. आपले दि. ९ चे पत्र पहिल्या पाठासह पावले. साडी धुवून स्वच्छ निघाली, चिंता नसावी.

दुकानात फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवण्याचे काम चालू असता पाठ ऐकला. बोध झाला. सांख्यिकी म्हणजे पुष्कळांच्या गोष्टीतून एकाची गोष्ट काढणे, हे आपले म्हणणे पटले. मात्र आपली वाक्ये जोमाने सुरू होतात आणि क्रियापदापर्यंत पोचेतो आपला उत्साह मावळलेला दिसतो. तीन वाक्ये तर क्रियापदावाचूनच संपली आहेत. पुढील पाठांत काळजी घ्यावी.

ती. वडिलांचे मत असे की, कॉलेजे बंद पडण्याविषयी आपण म्हणता ते घडो अथवा न घडो, परंतु पंगतीत बोलताना हातातील भांडे खाली ठेवावे.

पुढील पाठाची वाट पाहत आहे. कळावे, लोभ असावा.

आपली,
उर्वशी यशवंतराव खडके

&nbsp;

देवास, २५ जानेवारी २०००

उर्वशी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा ताईनं हिसकावलं.

आजच्या काळात विशीतली कोणती मुलगी 'सा. न. वि. वि.' लिहिते? आमच्या वर्गातल्या मुली मराठीत फक्त 'अगं बाई' म्हणायच्या, बाकी हिंदी. आणि ते अक्षर! एकेक वेलांटी जणू वळण लावून वाढवलेली. 'कळावे, लोभ असावा' हे तर मी वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतलंय. लोभ आहे. खूप आहे. (या दोन वाक्यांना क्रियापद आहे, बघून घ्या.)

सोबत पाठ दोन आणि तीन. दुसऱ्यात सरासरी आणि मध्यक. धार-इंदूर बसच्या उशिराचं उदाहरण घेतलंय. सात दिवसांत बस ५, १०, १०, १५, २०, ३० आणि १२० मिनिटं उशिरा आली. सर म्हणाले की ओळीत उभं केल्यावर मधला येतो तो मध्यक. म्हणजे, पुस्तकात तसं म्हटलंय.

इथे भैयासाहेबांच्या दुकानात इंटरनेट आलंय. मी तिथला सल्लागार आहे. (की-बोर्ड पुसतो.) काल अमेरिकेतल्या एका प्राध्यापकानं नेटवर ठेवलेला धडा उघडला. चहा पिऊन होईस्तोवर पान अर्धं उतरलं आणि वीज गेली. पण कल्पना करा, अर्धं तरी उतरलं! धारमध्ये बसून तुम्ही जगातल्या कुठल्याही वर्गात बसू शकाल. मग कॉलेजच्या भिंती कशाला? फक्त घोषणा लिहायला?

तुमचा,
धीरज

&nbsp;

धार, ४ फेब्रुवारी २०००

श्री. धीरजराव यांसी,

सा. न. वि. वि. दोन्ही पाठ पावले. बसच्या उदाहरणात आपण सरासरी उशीर पस्तीस मिनिटे काढला आहे. बेरीज २१०, भागिले सात, उत्तर तीस. मध्यक पंधरा, तो बरोबर आहे. एका एकशेवीस मिनिटांच्या बसने साऱ्यांची सरासरी बिघडवली, हे मात्र ध्यानात राहण्याजोगे.

ती. वडिलांस सांख्यिकी थोडीफार ठाऊक आहे. त्यांच्याकडे चाळीस वर्षे पुस्तके बांधावयास येतात. खळ वाळेपर्यंत पुस्तक हातात असते, तेवढ्यात ते वाचतात. त्यामुळे वैद्यक, कायदा, शेती, तत्त्वज्ञान, सर्व विषयांत त्यांची गती आहे. परंतु दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येते. म्हणून कोणत्याही पुस्तकाचा उत्तरार्ध त्यांस ठाऊक नाही.

आपण पूर्वीही असेच घाईने हिशेब करीत होता काय? कळावे, लोभ आहेच.

आपली,
उर्वशी

&nbsp;

देवास, १३ फेब्रुवारी २०००

प्रिय उर्वशी,

'लोभ असावा'चं 'लोभ आहेच' झालं! मी त्या दिवशी माताजीच्या टेकडीवर धावत चढलो आणि वर जाऊन धापा टाकत बसलो. पुजारी म्हणाला, "भिया, नवस बोलायचाय की दवाखान्यात जायचंय?"

तीसच. पस्तीस नाही. तू माझी चूक काढलीस तेव्हा मला राग आला नाही. तो इतका अजब अनुभव होता की मी दोनदा तपासलं, खरंच नाही आला. (तू म्हटलं, चालेल ना?)

सोबत पाठ चार ते सात. सातवा सहसंबंधाचा आहे. दोन गोष्टी बरोबरीनं वाढतात की नाही ते मोजायचं. उदाहरण असं: आठवड्यात धारहून आलेली पत्रं, आणि देवासच्या एका इसमानं त्या आठवड्यात खाल्लेल्या पोळ्या. पत्र शून्य, तेव्हा दिवसाला दोन पोळ्या. पत्र एक, तेव्हा सहा. ताईनं कणीक जास्त भिजवायला घेतली आहे. सांख्यिकी सांगते की सहसंबंध असला म्हणजे एकामुळे दुसरं घडतं असं सिद्ध होत नाही. या इसमाच्या बाबतीत मात्र सिद्ध होतं. तो इसम तुझ्या वडिलांना येऊन भेटायला तयार आहे. फक्त त्याच्यापाशी डिग्री नाही, नोकरी नाही, आणि मठ्ठा त्याच्यापासून लांब ठेवावा लागतो.

उत्तराची वाट बघतोय. सध्या दोन पोळ्या.

तुझा,
धीरज

&nbsp;

धार, १ मार्च २०००

धीरज भिया,

चिठ्ठी भेटली. पाठ पण भेटले. उशीर झाला कारण की मला वाचायला टाइम लागला. हाताला सुई लागली आहे म्हणून अक्षर खराब आहे, माफ करा.

सातवा पाठ मी चार वेळा वाचला. समजला.

पोळ्या खात जा.

पेपर ११ एप्रिलला आहे. आता आठवा भेजा.

उर्वशी

&nbsp;

देवास, ८ मार्च २०००

उर्वशी,

सुई कुठे लागली? खोल आहे का?

पण खरं सांगू, रागावणार नसशील तर? (तू रागावलीस तर मीही रागावेन, मग दोघंही रागावून बसू, पोस्टाची तेवढीच बचत.) तुझी ती भाषा कुठे गेली? 'पावले', 'ध्यानात राहण्याजोगे', 'लोभ आहेच'... आणि आता 'भेजा'? सुई बोटाला लागली की व्याकरणाला? मी काही चुकीचं लिहिलं म्हणून तू मुद्दाम परक्यासारखं लिहितेस का? आणि 'भिया'! उर्वशी, सातव्या पाठानंतर 'भिया'? राखी पौर्णिमा ऑगस्टात आहे, आत्तापासून घाबरवू नकोस.

मी पहिल्या दोन पत्रांच्या प्रेमात पडलो, हे आता लिहूनच टाकतो. तसंच एक पत्र पुन्हा लिही.

सोबत पाठ आठ ते तेरा. तुला एक मजा सांगणार होतो, इथल्या एका कॉलेजात चाचणी झाली आणि सांख्यिकीत कुणालातरी सगळ्यात जास्त मार्क पडले. पण ती मजा नंतर.

धीरज

&nbsp;

धार, १६ मार्च २०००

धीरज भिया,

भिया तर मी भाजीवाल्याला पण म्हणते, बसच्या कंडक्टरला पण. टेंशन नका घेऊ. राखी महाग झाली आहे.

तशी चिठ्ठी पुन्हा येणार नाही. ही माझी भाषा आहे, अशीच आहे. मी हिंदी शाळेत शिकले. आवडत नसेल तर नका वाचू.

आणि एक गोष्ट. तुम्ही प्रत्येक चिठ्ठीत लिहिता की मी भविष्यातली विद्यार्थिनी आहे. मी शौकानं स्वाध्यायी नाही, समजलं का? माईला, माझ्या आईला, डोळ्यांनी दिसत नाही नीट, म्हणून फर्मे मला शिवावे लागतात. दुकान बंद ठेवून कॉलेज नाही होत. आमच्या दुकानासमोरून सकाळी साडेदहाला कॉलेजच्या मुली जातात. कधी कधी त्या हसतात. कशावर हसतात ते मला माहीत नाही, कारण की ते वर्गात झालेलं असतं. ते कोणत्या गाइडमध्ये नाही लिहिलेलं. तुमच्या नेटवर आहे का?

तुमच्याजवळ बेंच होती. तुम्ही लाल पेन्सिलीवरून सोडली. मला कोणी बेंच दिली तर मी समास हिरव्या पेन्सिलीनं पण आखेन.

गुस्सा आला असेल तर येऊ द्या. पण सात पाठ राहिलेत ते पाठवा.

उर्वशी

&nbsp;

(पोस्टकार्ड)

धार, २ एप्रिल २०००

१४ ते २० आले नाहीत. ११ ला पेपर आहे. तब्येत ठीक आहे ना?

उर्वशी

&nbsp;

देवास, २० एप्रिल २०००

उर्वशी,

पेपर होऊन गेला. हे पत्र म्हणजे ती एकशेवीस मिनिटं उशिरा आलेली बस. आता थांब्यावर कुणी नसेल हे माहीत असूनही ड्रायव्हर थांबवून बघतोय.

सगळं सांगतो. मला सांख्यिकी येत नव्हती. लग्नात तू घाबरून 'सांख्यिकी' म्हणालीस आणि माझ्या तोंडून "ती तर सोपी आहे" निघून गेलं. घरी येऊन पुस्तक उघडलं, दुसऱ्या पानावर झोपलो. नेटचं तुला सांगितलंच. मग मी काय केलं असेल? कॉलेजं बुडवायला निघालेला हा वीर इथल्या एका कॉलेजात बी.ए.च्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. सकाळी तिथल्या चिंतामणी सरांकडून शिकायचं, दुपारी तेच ठसक्यात तुला लिहायचं, आणि शेवटी 'कॉलेजच्या भिंती कशाला?'

तिसऱ्या दिवशी हजेरीत सरांनी "अभिषेक" असं पुकारलं. कुणी बोलेना. सर मागच्या बाकाकडे बघत होते, पण त्यांना तिथवरचे चेहरे नीट दिसत नाहीत. मी म्हटलं, "यस सर." तिथून पुढे अडीच महिने मी अभिषेक होतो. खरा अभिषेक बापाच्या कन्नौदच्या धान्याच्या आडतीवर बसायचा, त्याला फक्त हजेरी हवी होती. आयुष्यात कधी नव्हतो इतका मी नियमित विद्यार्थी झालो, दुसऱ्याच्या नावानं. चाचणीही त्याच्या नावानं दिली. ते चूकच होतं. पण तेव्हा डोक्यात एवढंच, की आठ ते तेरा पक्के येतात का बघू. वर्गात पहिला आलो.

स्नेहसंमेलनात अभिषेकला बक्षीस जाहीर झालं. त्याचे वडील फेटा बांधून कन्नौदहून आले. सर कौतुकानं माईकवर म्हणाले, "अभिषेक, सहसंबंध म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांग." खरा अभिषेक म्हणाला, "सर, सगळ्यांशी चांगले संबंध ठेवावेत." हॉल हसला. मीही हसलो, सगळ्यात मोठ्यानं. सरांनी तो हसण्याचा आवाज ओळखला. रोज मागच्या बाकावरून येणारा तोच.

प्राचार्यांच्या खोलीत मी माफी मागायची की नाही? मी भाषण केलं. कॉलेजं म्हणजे हजेरीची दुकानं, इथे शिकवतं कोण, वगैरे. सगळं ऐकून चिंतामणी सर हळूच म्हणाले, "मग तुला सहसंबंध कुणी शिकवला रे?"

उर्वशी, मी अभिषेकच्या नावाची वही सरांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवसापासून तो वर्ग बंद, म्हणून चौदावा पाठ बंद. तुझं सोळा मार्चचं पत्र त्याच संध्याकाळी मिळालं. वाचून आधी रागावलो, मग ते रोज काढून वाचत राहिलो. रोज उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं, म्हणून इतके दिवस लागले.

आता लपवायला उरलंच काय. त्या लाल समासाचं पण ऐक. त्या साहेबांनी जर्नल नुसती बघितली नव्हती, पानं उलटली होती. सोळा प्रयोगांपैकी आठच होते, त्यातले पाच शेजाऱ्याचे. ते समासाबद्दल बोलले ही त्यांची दया होती. मी समासावर भांडलो, कारण आतल्या पानांवर भांडता आलं नसतं.

पेपर कसा गेला, विचारायचा हक्क नाही. तरी विचारतो.

धीरज

&nbsp;

धार, ५ मे २०००

चि. धीरज यास यशवंतराव खडके याचे अनेक आशीर्वाद.

माझे अक्षर तुझ्या ओळखीचे वाटेल. वाटावयास हवे. जानेवारी आणि फेब्रुवारीतील दोन्ही पत्रे या हाताची आहेत. तू ज्यांच्या प्रेमात पडलास ती. उर्वशीने मला तुझे आठ मार्चचे पत्र परवाच दाखविले. साठी उलटल्यावर कुणी आपल्या वेलांट्यांवर असे भाळेल अशी अपेक्षा नव्हती.

घडले ते असे. तू मराठीत लिहिलेस, कुणाला कळू नये म्हणून. उर्वशी बोलते मराठी, पण लिहिलेली मराठी, त्यातून तुझे अक्षर, तिला वाचवेना. म्हणून पहिले पत्र ती सरळ माझ्याकडेच घेऊन आली. मी दुकानात मोठ्याने वाचले. माई ऐकत होती, गिऱ्हाईक ऐकत होते. उत्तर तिने हिंदीत सांगितले, मी रीतीप्रमाणे मराठीत लिहिले. अशी बाजारात अनेकांची पत्रे मी लिहितो. सहा पाठ येणेप्रमाणे झाले.

त्याच पाकिटातला सातवा पाठ आणि सोबतचे पत्र मात्र तिने माझ्या हाती दिले नाही. पोस्टमन म्हणाला, पाकीट चांगले जाड होते. मी विचारले नाही. पुढे दोन आठवडे ती खळ ढवळता ढवळता ओठ हलवीत बसे. मध्येच येऊन विचारी, "बाबा, 'इसम' म्हणजे काय?" "बाबा, 'सिद्ध' म्हणजे साधू का?" शब्द सुटे आणी, कागद आणीत नसे. मग एके दिवशी तिने स्वतःच्या हाताने उत्तर लिहिले. सुई वगैरे काही लागली नव्हती. वीस वर्षे मी तिला मराठी वाच म्हणून मागे लागलो होतो. तेव्हाच मला काय समजायचे ते समजले.

आता तुझ्या विद्यापीठाविषयी. तारेतून घरोघर धडे येतील म्हणतोस. येवोत. माझ्या दुकानातून चाळीस वर्षे धडेच गेले. मी काही शाळेत फार गेलो नाही, जे आहे ते आपले आपण. हृदय कसे चालते ते मला ठाऊक आहे, ते बंद का पडते तो भाग दुसऱ्या खंडात होता. एकट्याने शिकणाऱ्याला पूर्वार्ध फार आवडतो. उत्तरार्धाला कुणीतरी मानेवर बसावे लागते, नाहीतर कुणीतरी वाट पाहत असावे लागते. उर्वशीने चौदा ते वीस गाइड वाचून केले. रोज पोस्टमनच्या वेळेला दारात येऊन, मग आत जाऊन वाचत बसे. पेपर बरा गेला.

मी बोलतो कुणाला? तिला बारावीनंतर घरी बसविले, हेही माझे एक अर्धेच काम आहे.

मला पदवीचा हट्ट नाही. पदव्या मी पुष्कळ बांधल्या, सोनेरी अक्षरे घातली, आत काय असते ते पाहिले आहे. परंतु तू वीस म्हणालास, तेरा दिलेस. तेरा पाठांचे पुस्तक मी बांधत नाही. आधी काहीतरी एक शेवटापर्यंत ने. मग धारला चहाला ये. तू पाठ पुरे कर, मी तिचे कॉलेज पुरे करतो.

पत्राला उत्तर मराठीत लिहिलेस तरी चालेल. इथे सर्वांना वाचता येते.

यशवंतराव

&nbsp;

देवास, २८ जून २०००

ती. यशवंतरावांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी तासभर भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. ताई म्हणाली, "काय झालं? तिनं नकार दिला?" मी म्हटलं, "नाही गं. मी तिच्या बाबांच्या प्रेमात पडलो होतो." ताईनं हे तात्यांना सांगितलं. तात्या सात महिन्यांनी माझ्याशी थेट बोलले. म्हणाले, "गाढवा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

सोबत पाठ चौदा ते वीस. ज्या पेपरासाठी लिहायचे होते तो होऊन अडीच महिने झाले, म्हणजे यांचा कुणाला काही उपयोग नाही. असं काही पुरं करायला फार जड जातं, हे मला नव्यानं कळलं. चिंतामणी सरांच्या घरी गेलो. माफी मागितली, या वेळी भाषणाशिवाय. ते म्हणाले, "नाव काय तुझं? खरं." मग रोज संध्याकाळी अंगणात शिकवलं. फी म्हणून अभिषेकलाही सोबत आणायला लावलं. आता त्याला सहसंबंध येतो.

सतराव्या पाठात मी दोनदा सोडून उठलो. दोनदा परत बसलो. कुणी मानेवर नव्हतं. वाट बघणारं कुणी आहे का, ते माहीत नव्हतं. आहे असं धरून चाललो.

सगळी वाक्यं तपासली आहेत. प्रत्येकाला क्रियापद आहे.

आपला आज्ञाधारक,
धीरज

ता. क. उर्वशीला सांगा, तिच्या मराठीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. तिची पत्रं आता मी आधी वाचतो, तुमची नंतर. राग मानू नये.

&nbsp;

इंदूर, १२ जुलै २०००

धीरज,

सात पाठ भेटले. अठराव्यात एक चूक आहे, पेन्सिलीनं दाखवली. लाल पेन्सिल होती, काय करू.

सांख्यिकीत मला अठ्ठावन आले. तुझ्या तेरा पाठांचे किती आणि गाइडचे किती, ते मोजायचं कोणत्या पाठात आहे?

मी इंदूरला आले आहे, अक्षदाताईकडे. एम.ए.ला ॲडमिशन झाली. फॉर्मवर दोन खाने असतात, नियमित आणि स्वाध्यायी. नियमितवर खूण करायच्या आधी मी तो खाना इतक्या वेळा वाचला की क्लार्क म्हणाला, "मॅडम, बरोबरच आहे, करून टाका." बाबांनी फर्मे शिवायला गोपाळराव म्हणून एक काका ठेवलेत. ते टाके लांब घालतात, माई बोटानं चाचपून त्यांना उसवायला लावते.

सोमवारी पहिला वर्ग झाला. सर काही खास नाही शिकवत, सांगून देते. डिक्टेशन देतात. तू म्हणतोस त्यातलं अर्धं खरं आहे. पण हजेरी झाली तेव्हा माझं नाव आलं. मी घरून प्रॅक्टिस करून गेले होते. इतक्या जोरात "यस सर" म्हणाले की सगळे हसले. मग मीपण हसले. आता मला माहीत आहे त्या मुली कशावर हसायच्या. कशावरच नाही.

बाबांनी तुझे वीस पाठ बांधले आहेत. निळा कपडा, कोपऱ्याला चामडं, पुट्ठ्यावर तुझं नाव. फक्त एक गडबड आहे. त्यात दोन ते वीसच आहेत. पहिलं पान नाही लावलं. ते मी या पाकिटात ठेवते आहे. उलटून बघ. तू उलट्या बाजूला लिहिलं होतंस. बाबांनी सरळ बाजू जानेवारीतच वाचली होती, तेव्हापासून ते पान दाबाखाली सरळ करून ठेवलं होतं. सतरा तारीख सोमवारी आहे.

हा कागद घेऊन कॉलेजच्या खिडकीवर जा. त्यावर हजर झाल्याचा शिक्का घे. मग तोच कागद धारला घेऊन ये, बाबा पहिलं पान लावतील, चहा पाजतील. त्याशिवाय पुस्तक पुरं नाही होत.

खिडकीवरचा क्लार्क कागद ठेवून घ्यायला बघेल. म्हणेल, रेकॉर्डला पाहिजे. देऊ नको. तेव्हा भांड. आयुष्यात एकदा तरी कामाच्या जागी भांड.

आणि वर्गात तुझं नाव पुकारतील तेव्हा मागच्या बाकावरून कोणी दुसरा "यस सर" म्हणायच्या आधी तू म्हण.

उर्वशी